सोबतीच्या रकान्यातला अंगठा

मी सहजी विश्वास ठेवणारा माणूस नाही. वर्तमानपत्रातल्या हवामानावर, 'हा निघालोच' म्हणणाऱ्या मेहुण्यावर आणि भुतांवर — तिन्हींवर माझा सारखाच अविश्वास. या सदरात लोक पिंपळाखालच्या बाईबद्दल लिहितात, तेव्हा मी ते जेवताना मोठ्यानं वाचून दाखवतो आणि वर नक्कलही करतो. परवा अशीच नक्कल चालू असताना धाकटी मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला स्वतःला कधी काही झालंच नाही का हो?" मी "छे!" म्हणालो... पण घास हातातच राहिला. बायकोनं ते पाहिलं. म्हणाली, "लिहून टाका एकदाचं. दर वेळी अर्धंच सांगता आणि उठून हात धुवायला जाता."

तर हे पूर्ण. हात नंतर धुवीन.

दुसरी लढाई संपली त्यानंतरचा हिवाळा. आम्ही देवळाली प्रवरेला राहायचो. वडील मराठी शाळेचे हेडमास्तर, आणि हेडमास्तरांचा मुलगा मॅट्रिकला दोनदा बसून दोनदा आपटलेला. दोन्ही वेळा इंग्रजीत. बाकीच्या विषयांत मी बरा होतो — म्हणजे पास व्हायचो, आमच्याकडे त्यालाच बरं म्हणत. मला रेल्वेत जायचं होतं. तारयंत्रापुढे टोपी घालून बसायचं, कट्ट-कट्ट करायचं आणि खिडकीतून लोकांना "गाडी लेट आहे" असं तुसडेपणानं सांगायचं, एवढीच माझी आयुष्याकडून अपेक्षा होती. पण त्याला मॅट्रिक लागायचं. वडिलांनी शेवटचं सांगून टाकलं होतं, "दत्तू, तिसऱ्यांदा गचकलास तर मिरजगाव. मामानं आडतीवर जागा बघून ठेवलीय. भुईमुगाच्या गोण्या मोजायला इंग्रजी लागत नाही."

मिरजगाव आमच्यापासून जवळजवळ सत्तर मैल, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मला ते अंदमानच वाटायचं.

शिकवणी लावायची ऐपत नव्हती. मग एका दुपारी माझ्या डोक्यात आलं की जिल्ह्यात ठिकठिकाणी मिशनच्या शाळा आहेत, तिथे परदेशातून आलेल्या शिक्षिका आहेत. इंग्रजी त्यांना आईच्या दुधाबरोबरच मिळालेलं. त्यांनी थोडं दिलं तर त्यांचं काय कमी होणार? वडिलांच्या कपाटात अर्जांच्या नमुन्यांचं एक पुस्तक होतं. त्यातला नोकरीच्या अर्जाचा नमुना आणि लग्नाच्या निमंत्रणाचा नमुना एकमेकांत मिसळून मी इंग्रजीत एक पत्र तयार केलं, आणि त्याच्या पाच प्रती पाच बाईसाहेबांना पाठवल्या. त्याचा मराठीत मतलब असा होता — 'आपण आपल्या मायदेशापासून दूर राहता हे जाणून, मला विनामूल्य इंग्रजी शिकवण्याची संधी आपणांस देण्यात मला अत्यंत आनंद होत आहे. तरी आपण सहकुटुंब उपस्थित राहून उपकृत करावे.'

चौघींकडून काहीच आलं नाही. एकीला माझी दया आली. किंवा हसू आलं. बेलापूर रोडहून — म्हणजे आजचं श्रीरामपूर — मिस वॉर्डेल नावाच्या बाईंचं कार्ड आलं. 'सोमवार आणि गुरुवार, दुपारी चार ते पाच, माझ्या बंगल्याच्या व्हरांड्यात. फी नाही. एक अट. घरातलं वडीलधारं माणूस सोबत आणावं. आमच्या मिशनचा तसा नियम आहे.'

नियम समजण्यासारखा होता. बाई पस्तिशीच्या, अविवाहित, बंगल्यात एकट्या. मी एकोणीस वर्षांचा, मिशी फुटलेला. गावाला बोलायला तेवढं पुरे.

पण आणायचं कोणाला? मी मिशनच्या बंगल्यावर जातो हे कळलं असतं तर आईनं विहीर जवळ केली असती. 'बाटवतील' हा एकच शब्द तिला त्या बाबतीत ठाऊक होता. म्हणून घरी मी सांगितलं की बेलापूर रोडला एका मास्तरांकडे गणिताला जातो. आणि बाईंना काय सांगायचं, ते सायकल मारता मारता ठरवत होतो — काकांना ताप आलाय, आत्याचा पाय मुरगळलाय... आठ-नऊ मैलांत मी निम्मं घराणं आजारी पाडलं.

मिशनच्या फाटकाबाहेर अब्दुलभाईंचं सायकलचं दुकान होतं. तिथे सायकल ठेवली, म्हणजे ओळखीच्या कोणाला ती बंगल्याबाहेर दिसू नये. फाटकातून बंगल्यापर्यंत लांब, उघडी, मुरूम टाकलेली वाट. दोन्ही बाजूंना झाड नाही की कुंपण नाही. मी पायऱ्या चढलो आणि सुटलो असं वाटलं. कारण व्हरांड्याच्या टोकाला भिंतीशी एक लाकडी बाक होता, आणि त्यावर आधीच कोणीतरी बसलेलं होतं.

म्हातारे गृहस्थ. काळी टोपी, गळ्याला मफलर, गुडघ्यांवर आडवी छत्री. जुन्या शाळामास्तरांसारखे. तोंड किंचित भिंतीकडे. मी मनात म्हटलं, वा! मिशननं आपलाच माणूस बसवलाय. आता आपल्याला कोण विचारतंय!

बाई बाहेर आल्या. बाकाकडे पाहून मान लववून हसल्या, मग माझ्याकडे पाहून हसल्या. "सोबत आणली. छान," एवढं म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. मला वाटलं, त्या 'सोबत आहे' म्हणताहेत. तेव्हा माझं इंग्रजी आणि त्यांचं मराठी एकाच पायरीवर होतं, त्यामुळे आम्ही एकमेकांना बरंच माफ करायचो.

इथेच माझी चूक झाली, आणि ती मी पाच महिने पोसली. साधं विचारायचं होतं, की हे आजोबा कोण? पण विचारलं असतं तर बाईंनी विचारलं असतं, "आणि तुझं माणूस कुठाय?" भित्र्याच्या तोंडाला आपोआप कुलूप लागतं. मी त्या गृहस्थांना येताना नमस्कार करायचो. ते कधी उलट करायचे नाहीत. मी म्हणायचो, असेल बुवा शिष्ट.

व्हरांड्यात एक वही असायची. मी आलो की तिच्यात सही करायचो — इंग्रजीत, शेवटी शेपटी काढून. पाच वाजले की मी पायऱ्यांवर पाठमोरा बसून वहाणांचे पट्टे आवळायचो, तेवढ्यात बाई ती वही आणि शाईचं पॅड घेऊन बाकाकडे जायच्या. मला वाटायचं, मिशनच्या नोकरांची हजेरी घेताहेत. शेवटच्या पट्ट्यापर्यंत थांबायचा धीर मला कधी झाला नाही. मी उठून मान खाली घालून फाटक गाठायचो. मागे वळून एकदाही पाहिलं नाही.

बाई शिकवायच्या मात्र मनापासून. एकदा मी त्यांना विचारलं, "तुम्ही माझ्या पत्राला उत्तर का दिलं?" त्या म्हणाल्या, "इथे येऊन सात वर्षं झाली. प्रत्येक जण माझ्याकडे काही मागतो. तू पहिला, ज्यानं मला काही देऊ केलं." मी इतका लाजलो की त्या दिवशी एकही स्पेलिंग चुकलं नाही.

आता त्या बाकाबद्दल. ज्या गोष्टी तेव्हा दिसल्या पण कळल्या नाहीत, त्या सांगतो. बाई चहाचे तीन कप करायच्या. तिसरा कप स्वतः बाकावर नेऊन ठेवायच्या. तो तसाच भरलेला, वर साय धरून परत यायचा. पावणेपाचला ऊन उतरून थेट बाकावर यायचं. माझी खुर्ची त्यापासून चार हात लांब, तरी मी डोळ्यांवर हात धरायचो. ते गृहस्थ हलायचे नाहीत, डोळे मिटायचे नाहीत. वाशांतल्या चिमण्या खाली येऊन बाकावर टिपायच्या, अगदी त्यांच्या मांडीला लागून. मी मनात म्हणायचो, काय हा स्थिरपणा! नक्की जप करत असणार.

आणि एक. मी मोठ्यानं वाचत असताना अडखळलो, की त्या बाजूनं एकदम सगळं थांबल्यासारखं व्हायचं. कोणीतरी आपल्यासाठी श्वास धरून ठेवलाय असं. मी शब्द बरोबर उच्चारला की तो सुटायचा. आज लिहिताना अंगावर काटा येतो. तेव्हा उलट धीर यायचा — इथे आपण पास व्हावं असं वाटणारं आणखी कोणी आहे!

"दत्तूभाऊ, रोज एकलेच येता अन् एकलेच जाता," अब्दुलभाई एकदा म्हणाले. "बाईकडं लई भारी इद्या घ्यायलाय जनू. आमाला बी जरा येस-नो शिकवा की."

"शिकवीन की," मी म्हणालो. 'एकलेच जाता' यावर मी थांबलो नाही. थांबायला काय झालं होतं? मी एकटाच जात होतो.

परीक्षेला तीन आठवडे राहिले आणि घरी फुटलं. कोणीतरी मला बंगल्याच्या वाटेवर पाहिलं होतं. आई दोन दिवस जेवली नाही. वडिलांनी एक पत्र लिहिलं, आणि गुरुवारी दुपारी, मी बाईंपुढे धडा वाचत असताना, फाटकातून मुरमाच्या वाटेवर बंद गळ्याचा कोट घातलेली एक काटकुळी आकृती येताना दिसली.

मिरजगावचे मामा.

मामा आमच्या घराण्यातले सरकारी माणूस. तालुक्याच्या दस्तनोंदणी कचेरीत कारकून. खरेदीखतं, गहाणखतं, बक्षीसपत्रं — लोकांचे अंगठे घ्यायचे, नोंदी करायच्या. आयुष्यात एक खोटी नोंद केली नाही याचा त्यांना इतका अभिमान की मामीनं विचारलेलं 'भाजी बरी झालीय का?' याचंही उत्तर ते विचार करून द्यायचे. बेलापूर रोडला त्यांनी त्याआधी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. नगरपर्यंत सर्व्हिस मोटार आणि पुढे रेल्वे करत ते पहिल्यांदाच आले होते.

मला वाटलं, आता इथेच कानफटात बसणार. पण मामा पायऱ्या चढून आले, आमच्याकडे न बघता सरळ व्हरांड्याच्या टोकाला गेले आणि बाकावर बसले. त्या गृहस्थांच्या जागेवर. मी ओरडणार होतो, "अहो मामा, त्यांच्या अंगावर!" — पण तिथे कोणी नव्हतं. क्षणापूर्वी होतं, आता नव्हतं. उठल्याचं, गेल्याचं मी पाहिलं नाही. वाट तर मोकळीच होती.

"मामा... तुम्ही तिथे का बसलात?"

"बसायला बाक दिसला म्हणून बसलो. उभा राहून शिव्या देऊ काय?" मामा म्हणाले. "वाच. थांबलास का? बघू तरी काय बाटवाबाटवी चालते ती."

मिस वॉर्डेल उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता — होताच म्हणा, पण आणखी. त्यांनी आपल्या मराठीत विचारलं, "आत्या कुठे गेली?"

"कोण आत्या?" मी आणि मामा एकदमच म्हणालो.

"तुझी आत्याच असेल, असं मी धरलं होतं. लाल वस्त्र, डोक्यावर पदर. रोज तुझ्याबरोबर येते. आताच इथे होती."

मी म्हणालो, "बाई, इथे म्हातारे गृहस्थ बसायचे. तुमचे. काळी टोपी, छत्री..."

"माझे कोणी नाही," बाई म्हणाल्या. "मिशननं कोणाला बसवलेलं नाही. दत्तू, ती दर वेळी तुझ्या मागून दहा पावलांवर चालत येते. तुझ्या मागून चालत जाते. मी या पायरीवर उभी राहून तुम्हां दोघांना फाटकापर्यंत पाहते. पाच महिने."

दुपारचे साडेचार वाजलेले. ऊन असं की मुरूम चमकत होता. आणि मला थंडी वाजायला लागली.

"आत्या म्हणजे माझी बहीण?" मामा म्हणाले. मग स्वतःच हिशेब सुधारला, "नाही, दाजींची बहीण. पण दाजींना बहीणच नाही." ते उठले. "बाई, तुम्ही तिच्याशी बोललात?"

"लाल वस्त्र म्हणजे विधवा बाई. परक्यांशी बोलत नसेल असं वाटलं. नाव विचारणं बरं दिसेना." बाई म्हणाल्या. "पण नियम आहे. सोबतीची निशाणी घ्यायची. तिनं दर वेळी अंगठा दिला. पदराखालून हात काढून. हात गार असायचा. मी म्हटलं, हिवाळा आहे."

"वही दाखवा," मामा म्हणाले.

तो आवाज मामांचा नव्हता, कचेरीचा होता. बाईंनी वही आणली. डावीकडच्या रकान्यात माझ्या शेपटीवाल्या सह्या. उजवीकडे, 'सोबत' या रकान्यात, प्रत्येक सहीसमोर एक काळा अंगठा. चाळीसएक तरी. मामांनी कोटाच्या खिशातून भिंग काढलं. दिवसभर अंगठेच बघणारा माणूस — त्यांनी वही उजेडाला तिरकी धरली, एका अंगठ्यावर भिंग नेलं, मग दुसऱ्यावर, मग पान उलटून मागच्या पानावर... आणि त्यांचा हात थांबला.

मग भिंग खाली ठेवून त्यांनी आपला डावा हात डोळ्यांसमोर धरला.

मामांच्या डाव्या अंगठ्यावर एक व्रण होता. मावशीच्या लग्नात सुपारी कातरताना अडकित्ता घसरलेला, मांस तिरपं कापलं गेलेलं. रेघ वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली उजवीकडे. ते कचेरीत गमतीनं म्हणायचे, "माझा अंगठा चोरता येणार नाही, त्यावर सरकारी रेघ मारलीय."

"बाई, शाई," मामा म्हणाले.

त्यांनी पॅडवर अंगठा टेकवला आणि कोऱ्या कागदावर उमटवला. तो कागद वहीतल्या अंगठ्यांशेजारी ठेवला. भिंगाची गरजच नव्हती. मला चार हातांवरून दिसत होतं. वहीतल्या प्रत्येक अंगठ्यातून, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक पांढरी तिरपी रेघ गेली होती. तीच. तिथूनच तिथे.

मिस वॉर्डेल खुर्चीवर बसल्या. त्या इंग्रजीत बोलल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला इंग्रजी वाक्य मनात उलटंसुलटं न करता समजलं. त्या म्हणाल्या, "या महिनाअखेर ही वही वर्षाच्या तपासणीला मोठ्या साहेबांकडे जाईल. पाच महिने मी एका तरुणाला एकटीनं शिकवत होते, सोबत कोणीच नव्हतं, हे त्यांना कळलं तर ते मला पुढच्या बोटीनं परत पाठवतील. तिकडे माझं कोणी नाही. दत्तू, आता तू येऊ नकोस."

मी मामांना ते मराठीत सांगितलं. सांगता सांगता मी बाहीनं डोळे पुसले; बाईंसाठी की मॅट्रिकसाठी, ते खरं सांगत नाही.

"पानं फाडते मी," बाई म्हणाल्या आणि वहीकडे हात नेला.

"अंहं!" मामांनी वहीवर तळवा ठेवला. "नोंदवही फाडायची नाही. काही झालं तरी नाही."

"पण मामा, तुम्ही इथे कधी आलाच नव्हता!"

"नव्हतो."

"मग?"

"मग काय, मला विचारतोस?" मामा एकदम चिडले. घाबरलेला माणूस चिडतो तसे. "तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, की बाबा, कागदावर अंगठा कोणाचा ते बघ. तुला आठवतं काय, तुला वाटतं काय, ते बायकोला सांग. अंगठा ज्याचा तो हजर. आणि आता माझाच अंगठा आला तर म्हणू, की नाही, तो मी नव्हेच?"

ते पुन्हा बाकावर बसले. स्वतःच्या काळ्या अंगठ्याकडे बघत राहिले. चिमण्या खाली उतरल्या, पण बाकावर आल्या नाहीत, लांबच टिपत राहिल्या.

मग मामांनी टाक मागितला. पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि प्रत्येक अंगठ्याशेजारी, त्या त्या तारखेसमोर, बारीक कचेरी अक्षरात लिहीत गेले — 'नि. डा. हा. अं.' म्हणजे निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची, आणि पुढे स्वतःचं पूर्ण नाव. वडिलांच्या नावासकट. एकही ओळ सोडली नाही. शेवटच्या नावावर टीपकागद दाबला आणि म्हणाले, "बाई, मुलाचा मामा सोबतीला होता. तुमच्या साहेबांनी विचारलं तर मला बोलवा. शपथेवर सांगीन."

"काय सांगाल?" बाईंनी विचारलं.

"की अंगठा माझा आहे," मामा म्हणाले. "तेवढं खरं आहे."

मामांनी रजा वाढवून घेतली. घरी जाऊन वडिलांना त्यांनी काय सांगितलं माहीत नाही, पण आईचं उपोषण सुटलं. पुढचे तीन आठवडे मामा माझ्या सायकलवर मागे बसून यायचे, बाकावर बसायचे, चहा प्यायचे, दुसरा मागायचे. पाच वाजता बाई वही पुढे करायच्या आणि मामा त्यांच्यासमोर सही करायचे. अंगठा त्यांनी त्या वहीत पुन्हा दिला नाही. ते म्हातारे गृहस्थ मला परत दिसले नाहीत. बाईंना आत्या दिसली नाही. तरी प्रत्येक धड्याच्या शेवटी आम्ही दोघं त्या वाटेकडे बघायचो आणि बघत नाही असं दाखवायचो.

मॅट्रिकला इंग्रजीत मी पास झालो. काठावर. एवढं सगळं घडूनही काठावरच, यावरून माझ्या बुद्धीची कल्पना यावी. रेल्वेत लागलो, टोपी मिळाली, लोकांना तुसडेपणानं सांगायचं कामही मिळालं. वही महिनाअखेर साहेबांकडे गेली, तपासून परत आली, कोणी काही विचारलं नाही. मिस वॉर्डेल पुढे बरीच वर्षं त्याच शाळेत होत्या. आम्ही भेटलो की हवापाण्यावर बोलायचो.

आता लोक म्हणतील, शाईचा डाग असेल, भास असेल. मीच कितीदा म्हणून पाहिलंय. बाईंनी रोज नवा अंगठा घेतला, मी तो व्रण माझ्या डोळ्यांनी पाहिला, आणि मामा त्या प्रत्येक दिवशी सत्तर मैलांवर कचेरीत हजर होते. त्यांची हजेरी तिथल्या पुस्तकात आहे. म्हणजे दोन पुस्तकं आणि दोन्ही खरी. हे कुठे बसवायचं?

मामा जाण्याच्या वर्षभर आधी मी मिरजगावला गेलो होतो. पेन्शनीत निघालेले, ओट्यावर सकाळच्या उन्हात बसलेले. आम्ही त्या गोष्टीबद्दल इतक्या वर्षांत एक शब्द बोललो नव्हतो. त्या दिवशी मी धीर केला. म्हटलं, "मामा, त्या पाच महिन्यांत, सोमवारी-गुरुवारी, चार ते पाच... तुम्ही काय करत असायचा?"

मामांनी आधी दाराकडे पाहिलं. मामी आत भांडी लावत होती, तिच्या कानावर जाऊ नये म्हणून ते हळू बोलले.

"झोपायचो," ते म्हणाले. "टेबलावर डोकं ठेवून. कचेरीत मला कधी डुलकी लागली नाही रे, आधी नाही, नंतर नाही. पण त्या हिवाळ्यात चारला डोळे मिटायचे ते पाचला उघडायचे. शिपाई हलवून थकायचा. आणि उठलो की डाव्या अंगठ्याला ओली शाई." त्यांनी अंगठा वर धरला. "नोंदणी कचेरीत शाईचं काय नवल? धोतराला पुसायचो आणि कामाला लागायचो. तुझ्या बाईच्या व्हरांड्यात वही उघडली, तेव्हा आठवलं मला."

"मग तुम्ही तेव्हा सांगितलं का नाही?"

"काय सांगू? त्या वहीत मी चाळीस वेळा नाव लिहिलं, दत्तू. सगळ्या नोकरीत तेवढी एकच गोष्ट आहे, जिचं मला अजून कळलेलं नाही... ती नोंद मी खोटी केली, का खरी."

तर हे पूर्ण झालं. आता हात धुवायला उठतो.